डब्यातलं बोट

हंबीररावांच्या डाव्या हाताला दोनच बोटं होती, अंगठा आणि त्याच्या शेजारचं. बाकीची तीन त्यांनी ऐन उमेदीत घाण्याला दिली. 'दिली' हा शब्द त्यांचाच. ऊस गाळताना रुळांत चिपाड अडकलं, ते चालत्या घाण्यातून ओढायला गेले आणि रुळांनी चिपाडासकट बोटं आत घेतली. त्या दिवशी उकळायला ठेवलेला काहिलीभर रस ओतून द्यावा लागला, एवढंच ते सांगायचे. पुढचं कुणी विचारलं, की तंबाखू मळायला लागायचे.

तेव्हापासून त्यांच्या गुऱ्हाळात एक नियम होता आणि तो देवाच्या नियमापेक्षा कडक होता. लाईट असताना घाण्याला कुणी हात लावायचा नाही. रूळ साफ करायचे ते लाईट गेल्यावरच. आणि लाईट परत आली, की ज्याचा हात आत होता त्यानंच उठून हिरवं बटण दाबायचं, दुसऱ्या कुणी बटणाकडे बघायचंसुद्धा नाही. सगळा तालुका लाईट गेली की वीजवाल्यांच्या सात पिढ्या काढायचा. हंबीरराव मात्र चप्पल काढून घाण्याजवळ मांडी घालायचे आणि रुळांच्या खाचांतला चोथा बोटांनी उकरत बसायचे. तेही स्वतःच. दुसऱ्याचा हात त्या रुळांत गेलेला त्यांना बघवत नसे. मधेच डोक्यावरचा बल्ब लागला तरी ते दचकत नसत. बल्ब लागला म्हणजे लाईट आली, घाणा फिरायला अजून बटण दाबायचं आहे आणि बटण दाबणारा सगळा चोथा काढल्याशिवाय उठणार नाही, असा त्यांचा हिशेब पक्का होता. एवढ्या वर्षांत तो कधी चुकला नव्हता.

त्या दिवशी सकाळीच घाण्याच्या मोटारीचा स्टार्टर बसला. व्होल्टेज कमी होतं, स्टार्टर घरघरला, जळका वास सुटला आणि घाणा थांबला. चुलवाणावर रस उकळत होता, टोळीनं तोडलेला ऊस दारात पडला होता. हंबीरराव म्हणाले, नदीवरच्या मोटारीचा डबा आणा आणि इथं जोडा, दोन्ही मोटारी सारख्याच ताकदीच्या आहेत. गावातला वायरमन जोतीराम आला. त्यानं नदीवरचा स्टार्टर आणून भिंतीवर ठोकला, तारा जोडल्या. हंबीररावांनी स्वतः हिरवं बटण दाबलं, घाणा फिरला, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. जळालेला स्टार्टर पिशवीत घालून त्यांची सून क्रांती स्कूटरवरून कोल्हापूरला निघाली. नवरा, ऋतुराज, वारणानगरला दूध संघात पहिल्या पाळीला गेलेला. घरात गाडी चालवणारं दुसरं कोण होतं?

लक्ष्मीपुरीतल्या एका बोळात बाळासोचं दुकान होतं. मोटारी भरणं, स्टार्टर दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. ऋतुराजचा शाळासोबती, त्यामुळे क्रांतीला तो वहिनी म्हणे. त्यानं डबा उघडला, आतली काळी पडलेली गुंडाळी नखानं टोकरली आणि ही बदलावी लागेल म्हणाला. क्रांती इचलकरंजीची. मागाच्या खडखडाटात वाढलेली. यंत्र उघडलं की तिला आत डोकावल्याशिवाय राहवत नसे. ही गुंडाळी करते तरी काय, तिनं विचारलं.

बाळासोला बोलायला निमित्तच हवं असायचं. त्यानं सांगितलं, की ही गुंडाळी म्हणजे चुंबक. हिरवं बटण दाबलं की हिच्यात वीज येते, ही पुढची पट्टी ओढून घेते आणि मोटारीला लाईन मिळते. बटणावरचं बोट काढलं तरी पट्टी सुटत नाही, कारण आतला एक जोड गुंडाळीला वीज पुरवत राहतो. लाईट गेली की चुंबकाचा जोर गेला, पट्टी सुटली. मग लाईट परत आली तरी पट्टी आपणहून लागत नाही. पुन्हा कुणाचं तरी बोट लागतं.

"म्हणूनच आमचे आबा बिनघोर हात घालतात," क्रांती सासऱ्यांबद्दल म्हणाली. "लाईट गेली की रूळ साफ."

बाळासोनं पेचकस खाली ठेवला. मग घाणा आता कशावर चाललाय, असं त्यानं विचारलं. नदीवरचा डबा जोडलाय, ती म्हणाली. आणि म्हणता म्हणताच तिला त्या डब्यातलं आठवलं.

नदीवरच्या डब्यात ऑटो होता, लाईट आली की आपोआप मोटार चालू करणारा. गेल्या उन्हाळ्यात तो बाळासोनंच बसवला होता, आणि बसवायला लावला होता क्रांतीनं. शेतीची लाईट यायची अपरात्री. पाळी करून दमलेला ऋतुराज बॅटरी घेऊन बांधावरून नदीवर जायचा, एक बटण दाबायला. एकदा त्याच्या पायाजवळून घोणस गेली. त्यानंतर क्रांतीनं त्याच्यामागे टुमणं लावलं, की आपोआप चालू होणारं काहीतरी बसवा. आबांना सांगितलं असतं तर त्यांनी उभं केलं नसतं. माणसानं चालू केल्याशिवाय यंत्र चालू होता कामा नये, हे त्यांचं ठरलेलं. म्हणून नवराबायकोनं ते गुपचूप केलं. आबा नदीवर जातात कशाला, असं म्हणून दोघं हसलीही होती.

"जोतीरामनं ऑटो काढला का?" बाळासोनं विचारलं.

काढला नसणार. जोतीरामला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानं डबा उघडला तेव्हा आत काय आहे ते पाहिलंही असेल, पण ज्याचा डबा त्याला ठाऊक असणारच, असं समजून तो गप्प बसला असेल. आणि क्रांती स्वतः तर शेजारी स्क्रू धरून उभी होती. घाई एवढी होती, की तो डबा म्हणजे नुसता 'नदीवरचा डबा' होता. त्याच्या पोटात काय आहे, ते तिच्या मनातही आलं नाही. आता मात्र त्या डब्याशिवाय तिला काही दिसेना.

तिनं गुऱ्हाळात गूळ शिजवणाऱ्या, गुळव्या गणपतरावांचा नंबर लावला. त्यांचा फोन खुंटीवरच्या शर्टात असतो, पण वाजला तर ते घेतात. फोन लागला नाही. पलीकडची बाई म्हणाली, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. बाळासोनं जोतीरामला लावला. तीच बाई, तेच वाक्य.

"गावातल्या कुणाचाच लागंना व्हय?" बाळासो हळूच म्हणाला. "म्हंजे टावर पडलाय. वहिनी, तुमच्याकडं लाईट गेल्याली हाय."

लाईट गेली, म्हणजे आबा आत्ता, या क्षणाला, चप्पल काढून घाण्याजवळ बसले होते. उजवा हात रुळांत घालून. त्यांच्याकडे धड असा तो एकच हात होता.

तिनं शेवटची आशा म्हणून विचारलं, की त्या डब्यात ओव्हरलोडचा रिले असतो ना, काही अडकलं की मोटार बंद पाडणारा? हात अडकला तर तो पडेलच की. बाळासोनं तिच्याकडे बघितलं नाही.

"उसाची मोळी एकदम शिरली तरी त्यो पडत न्हाय. रिले मोटारीला वाचवायला असतोय वहिनी, माणसाला न्हवं."

मग तो भराभर सांगायला लागला. ऑटो लाईट आल्या आल्या मोटार चालू करत नाही. तिन्ही फेज नीट आहेत का बघतो, थोडा दम खातो आणि मग आपणच बटण दाबल्यासारखं करतो. टक् असा आवाज येतो, तो आला की संपलं. तिथं पोचल्यावर लाल बटणाच्या नादी लागू नका, ऑटो पुन्हा चालू करील. सरळ मेन पाडा. क्रांतीनं हे पायऱ्या उतरता उतरता ऐकलं. स्टार्टरची पिशवी तिथेच राहिली.

ऋतुराजला फोन करावा असं तिच्या मनात आलं आणि गेलं. तो वारणानगरात. तिथून तो काय करणार होता? उलट त्याला सांगायचं म्हणजे ते शब्द तोंडातून काढायचे, आणि ते काढायची तिची हिंमत नव्हती.

हंगामाच्या दिवसांत कोल्हापुरातून बाहेर पडणं म्हणजे एक दिव्यच. शिवाजी पुलावर दोन-दोन ट्रॉल्यांचे उसाचे ट्रॅक्टर गोगलगाईसारखे चालले होते, गाणी मोठ्यानं लावून. एकाची ट्रॉली पुलाच्या तोंडाशी पंक्चर झालेली आणि चारजण तिच्याभोवती कमरेवर हात ठेवून चर्चा करत होते. क्रांतीनं स्कूटर घातली त्यांच्यातून. कुणीतरी मागून ओरडलं, की बाई, मरायचं हाय का. तिनं वळून बघितलं नाही. खाली पंचगंगेचं पाणी होतं, तेही तिला दिसलं नाही. तिला दिसत होते ते रूळ. रोजच्या घासण्यानं चकचकीत झालेले, एकमेकांना जवळजवळ टेकलेले. त्यांच्यात ऊस जातो तेव्हा आधी त्याचा डोळा फुटतो, मग कांडं चेपतं आणि पलीकडून कोरडं चिपाड बाहेर पडतं. हे तिनं हजार वेळा पाहिलं होतं आणि त्यात कधी काही वाटलं नव्हतं. आता तिनं स्कूटरची मूठ आणखी पिळली.

ती मनातल्या मनात जोतिबाला बोलत होती, आणि बोलणं मोठं विचित्र होतं. आयुष्यभर तिनं लाईट येऊ दे म्हणून देव पाण्यात घातले होते. आज ती विनवत होती, की येऊ देऊ नकोस. डीपी जळू दे, तार तुटू दे, आख्खा गाव आठवडाभर अंधारात बसू दे.

वडणगे फाटा गेला. पुढे गावच्या वेशीत पिठाची गिरणी लागते. गिरणी गप्प होती आणि गिरणीवाली मोना दारात दळणाचे डबे मांडून पेंगत बसली होती. म्हणजे लाईट अजून नाही. क्रांतीला एवढा आनंद झाला, की डोळ्यांत पाणी आलं. पेंगणाऱ्या मोनाला मिठी मारावी असं तिला वाटलं. तिनं गाडी मळ्याच्या वाटेला घातली. ऊसगाड्यांनी वाटेत दोन खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या. स्कूटर एकदा घसरली, गुडघा सोलला, ती उठली आणि पुन्हा निघाली. गुऱ्हाळाचा धूर दिसायला लागला. वास आला, उकळत्या रसाचा. चिपाडांची गंजी दिसली.

आणि तिच्या पर्समधला फोन वाजला. एकदा, मग लागोपाठ तीनदा. अडकून पडलेले मेसेज येत होते.

टॉवर चालू झाला होता. लाईट आली होती.

क्रांतीनं स्कूटर तशीच सोडून दिली. ती आडवी पडली, चाक फिरत राहिलं. वाळत घातलेल्या चिपाडांवरून क्रांती धावत सुटली. पाय रुतत होते, साडी अडकत होती. दम खातो, बाळासो म्हणाला होता. किती खातो, ते तिनं विचारलं नव्हतं. आता विचारायला कुणी नव्हतं. गुऱ्हाळाच्या पत्र्याखाली, काहिलीच्या वर, पिवळा बल्ब लागलेला तिला लांबूनच दिसला.

आबा तिथेच होते. चप्पल बाजूला काढलेली, मांडी घातलेली, पाठ तिच्याकडे. उजवा हात मनगटापर्यंत रुळांत. बल्ब लागलेला त्यांनी बघितला असणार, पण घाई कशाला करायची? बटण दाबणारे तेच होते. ते निवांत उकरत होते आणि पलीकडे काहिलीवर वाकलेल्या गणपतरावांशी कुणाच्या तरी लग्नाबद्दल बोलत होते.

लग्न होऊन आल्यापासून सासऱ्यांपुढे क्रांती मोठ्यानं बोलली नव्हती. आज ती ओरडली.

"आबा, हात काढा!"

आबांनी मान वळवली. हात काढला नाही. सून केस सुटलेली, गुडघ्याला रक्त आलेली, धावत येत होती. त्यांना वाटलं, ऋतुराजला काहीतरी झालं. ते तसेच बघत राहिले, हात आत, तोंड उघडं. क्रांतीला कळलं, की हे उठणार नाहीत, आधी विचारणार. ती त्यांच्याकडे गेलीच नाही. भिंतीकडे गेली आणि मेन स्विचच्या दांड्यावर अंगाचा भार टाकून तिनं तो खाली ओढला. बल्ब गेला.

मग ती भिंतीला टेकून खाली बसली. काय झालं, ऋतुराज कुठं आहे, हे आबांनी दोनदा विचारलं तेव्हा तिनं कसंबसं सांगितलं, की ते ठीक आहेत, तुम्ही हात काढा, मग सांगते. हात काढला. मग तिनं ऑटोचं सांगितलं, सगळं. ऐकता ऐकता आबांचा चेहरा आधी रागानं ताठ झाला आणि मग सैल पडला. राग होता तो लपवल्याचा. बाकीच्यावर त्यांचा विश्वासच बसला नाही.

"काय तरीच सांगतीयास. लाईट येऊन किती येळ झालता. फिरला का घाणा? आगं, मी बटन दाबल्याबिगर त्यो फिरत न्हाय."

क्रांती उठली. तिनं मोळीतला एक ऊस घेतला आणि त्याचं टोक रुळांत खोचलं, जिथं मघाशी हात होता तिथं. आबांना मागे उभं राहायला सांगितलं. मग मेन वर केला. बल्ब लागला. तिघंजण उभे राहिले, ती, आबा आणि हातात फावडं धरलेले गणपतराव. काहीच झालं नाही. काहिलीत रस रटरटत होता, गंजीवर चिमण्या भांडत होत्या. ऊस जिथल्या तिथे. गणपतराव उगाच खाकरले. आणखी थोडा वेळ गेला. क्रांतीलाच वाटायला लागलं, की आपण उगाच गावभर धिंड काढून घेतली. जोतीरामनं ऑटो काढला असेल. असं वाटलं तेव्हा तिला बरंही वाटलं.

आबांच्या मिशीत हसू आलं. सुनेची समजूत काढावी तसे ते पुढे झाले, म्हणाले, बघ, काय झालं का, आणि ऊस काढून घ्यायला त्यांनी उजवा हात रुळांकडे नेला.

क्रांतीनं तो मनगटात धरला. सासऱ्याचा हात सुनेनं धरायची रीत नव्हती, तिनं तो दोन्ही हातांनी, नखं रुतवून धरला आणि मागे ओढला.

डब्यात टक् असा आवाज झाला.

घाणा एका गचक्यात फिरला. ऊस आत गेला, बघता बघता. त्याचा डोळा फुटला, कांडी चेपत गेली, आणि रुळांखालून रसाची धार लागली. पलीकडून चिपाड बाहेर आलं. बटणाजवळ कुणीही नव्हतं.

गणपतरावांनी मेन पाडला. घाणा कुरकुरत थांबला.

आबांची मान हलत होती, नाही नाही म्हणावी तशी. क्रांतीनं त्यांना खाली बसवलं. तिच्या हातातलं मनगट त्यांनी सोडवून घेतलं नाही. डाव्या हाताची दोन बोटं मांडीवर ठेवून ते त्या बोटांकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, की मगाशी ती आली नसती तर किती वेळ राहिला होता. माहीत नाही, ती म्हणाली. खरंच माहीत नव्हतं.

"ह्यो नेम म्याच घाटला हुता," आबा म्हणाले. "लाईट गेल्यावर हात घाला म्हणून."

क्रांतीला ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, की ऑटो बसवायचं माझ्याच डोक्यातून आलं, ह्यांना बोल लावू नका. आबांनी मान डोलावली. ऐकलं की नाही, कळलं नाही.

संध्याकाळी ऋतुराज शहरातून दुरुस्त झालेला स्टार्टर घेऊन आला. जोतीरामनं तो बसवला आणि नदीवरच्या डब्यातला ऑटो सगळ्यांच्या देखत काढून आबांच्या पुढ्यात ठेवला. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, काळा, निरुपद्रवी दिसणारा. आबांनी त्याला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी ऋतुराज बॅटरी घेऊन नदीवर गेला, पहिल्यासारखा, आणि क्रांती तो परत येईपर्यंत दारात उभी राहिली. घोणशीची ती भीती तिची जुनी होती. तिच्याबद्दल आता तिला तक्रार करता येईना.

लाईट पुन्हा गेली ती दोन दिवसांनी. घाणा थांबला, रुळांत चोथा अडकलेला. आबांनी चप्पल काढली, मांडी घातली आणि तसेच बसून राहिले. हात पुढे जाईना. दुरुस्त होऊन आलेला स्टार्टर साधा आहे, आत काही नाही, हे त्यांनी स्वतः उघडून पाहिलं होतं. तरी जाईना. मग ते उठले, मेन पाडला, पेटी उघडून तिन्ही फ्यूज एकेक करून उपसले आणि चुलवाणाजवळ उभ्या असलेल्या क्रांतीकडे आले.

"पोरी, हे धर," ते म्हणाले. "माझा हात आत हाय तवर मुठीत ठेव. खाली सुदिक ठेवू नगंस."

तिनं चिनीमातीचे ते तीन फ्यूज दोन्ही मुठींत घट्ट धरले. आबा जाऊन बसले. हात घालण्याआधी त्यांनी मान वळवून तिच्या मुठींकडे बघितलं. घातल्यावर पुन्हा बघितलं. धुरानं तिचे डोळे चुरचुरत होते, पण त्यांचा हात बाहेर येईपर्यंत तिनं डोळे पुसायलासुद्धा मूठ उघडली नाही.